कासार गल्लीचे पाणी

उत्तरेश्वर काळदातेला ज्यांनी मारले, त्यांच्या नळांना पाणी येत होते. ज्यांच्या नळांना येत नव्हते, त्यांनी त्याला सोडवले.

मी पोहोचले तेव्हा तो व्हॉल्व्हच्या खड्ड्यात होता आणि खड्ड्याभोवती कासार गल्ली उभी होती. हा खड्डा गल्लीच्या तोंडाशीच आहे; विटांनी बांधलेला, छातीइतका खोल. त्यात उतरून माणसाला व्हॉल्व्ह फिरवता येतो, पण पळून जाता येत नाही. व्हॉल्व्ह फिरवण्याची लोखंडी चावी म्हणजे पुरुषभर उंचीची सळई, वर आडवी मूठ. ती आता त्रिंबक मिटकरीच्या हातात होती. उत्तरेश्वरने बाहेर येण्यासाठी खड्ड्याच्या काठावर हात ठेवला, आणि मिटकरीने ती चावी त्या हातावर घातली. हाड मोडल्याच्या आवाजाची वर्णने मी पुष्कळ वाचली आहेत. प्रत्यक्षात तो आवाज फार लहान असतो.

"बोल! काय टाकलंस पाण्यात? कुठला मंत्र म्हणत होतास?"

"मालक, मंत्र न्हाई... परीक्षेचं हाय ते. परीक्षेचं पाठ करायलोय..."

"परीक्षा! आमच्या लेकरांच्या जिवावर परीक्षा देतोस व्हय रं?" कोणीतरी मागून ओरडले, आणि खड्ड्यात एक वीट पडली. ती त्याच्या खांद्याला लागली. दुसरी लागली नाही. तिसरी कपाळाला लागली.

माझ्या हातात नमुन्याच्या बाटल्यांची पेटी होती. मी नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात रसायनज्ञ होते आणि गल्लीत आजार पसरल्यामुळे नमुने घ्यायला आले होते. "थांबा, पाणी तपासू द्या," असे काहीतरी मी म्हणाले. माझा आवाज मलाही ऐकू आला नाही. एका बाईने माझ्या दंडाला धरून मला बाजूला लोटले आणि पेटीतल्या निम्म्या बाटल्या फुटल्या.

मग उतारावरून भट्टी वस्तीतल्या बायका वर आल्या. ही वस्ती वीटभट्टीवरच्या कामगारांची. कासार गल्लीच्याच लाइनवर, पण तिच्या शेवटच्या टोकाला. बायकांच्या डोक्यावर रिकाम्या घागरी होत्या. सर्वांत पुढे हरणाबाई होती. रुंद हाडाची, पन्नाशीची, भट्टीवर कच्च्या विटा थापणारी. तिने काही विचारले नाही. डोक्यावरची घागर उतरवली, गळ्याशी धरली आणि मिटकरीच्या मानेच्या मागे मारली. तो गुडघ्यावर बसला.

"आनिक हात लावशील तर डोस्कंच फोडीन तुझं. ह्याला मारलाव तर आमचं पानी काय तुझा बाप सोडनार हाय?"

"अगं ए, त्यानं करणी केलीय पाण्यावर! माझी पोरगी दवाखान्यात पडलीय!"

"करनी कर न्हाईतर बरणी भर. आमाला धा दिसांत थेंब न्हाई. आमच्यावर करायला सांग म्हनावं करनी, पानी तरी येईल!"

बायकांनी त्याला काखेत हात घालून खड्ड्यातून ओढून काढले. जाताना एका म्हातारीने त्याला शिव्याच दिल्या, की आधी वॉल सोडून मग मार खायचा होता.

उत्तरेश्वर केदारखेडात वीस-एक वर्षे पाणी सोडत होता, तेही रोजंदारीवर. त्या वर्षी नवा नियम आला: जलवितरण चालकाची प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय कोणालाही व्हॉल्व्हला हात लावता येणार नाही. जो उत्तीर्ण होईल तो कायम, जो होणार नाही तो घरी. अर्जासोबत पोलिसांचा दाखला हवा, अर्जदारावर गुन्हा नसल्याचा. मलाही त्याच परीक्षेची वरची श्रेणी द्यायची होती, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणच्या वर्गाला आम्ही एकाच एसटीने जात असू. शिकवणारे गृहस्थ निवृत्त अभियंता होते. त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिले: व्हॉल्व्ह सावकाश उघडावा.

"मॅडम, सावकास म्हंजी किती सावकास?" परतताना उत्तरेश्वरने विचारले होते. "मी तर पायानं फिरवितो चावी. दोन झटक्यात वॉल मोकळा, अन् सायकलीवर टांग मारून पुढच्या गल्लीत."

"आणि लाइनला दणका बसत नाही?"

"बसतो की. धाड करून बसतो. कासार गल्लीतल्या बायका त्या दनक्यालाच उठून नळाखाली बादल्या लावत्यात."

त्या दणक्यानेच जोड निखळतात आणि नळ्या फुटतात, हे मी त्याला सांगितले. रिकाम्या नळीत पाणी एकदम सुटले, की त्याच्या पुढची हवा दाबली जाते आणि पाणी टोकाशी जाऊन आदळते. त्याला ते पटले. वीस वर्षांत किती नळ्या आपणच फोडल्या असतील याचा हिशेब तो गाव येईपर्यंत बोटांवर करत होता.

गल्लीला दर काही दिवसांनी पाण्याची पाळी येई; पुढच्याच पाळीपासून तो पुस्तकाप्रमाणे वागू लागला. खड्ड्यात उतरायचे, एक फेरा द्यायचा, थांबायचे. लिहिता-वाचता बेताचेच येत असल्याने प्रश्नोत्तरे त्याला तोंडपाठ करावी लागत, आणि थांबण्याच्या त्या वेळेचा तो त्यासाठी उपयोग करी. डोळे मिटून, ओठ हलवत. कासार गल्लीने पूर्वी त्याला दोन झटक्यांत येऊन गेलेला पाहिला होता. आता तोच माणूस खड्ड्यात उभा राहून, डोळे मिटून, चावी थोडी फिरवून काहीतरी पुटपुटताना दिसू लागला; आणि त्याच पाळीपासून गल्लीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या, की पहिलीमुळे दुसरी घडली असे मानण्याची माणसाला खोड आहे.

मारहाणीच्या दुसऱ्या दिवशी मिटकरीची मुलगी सोनल वारली. ती सात वर्षांची होती.

तिला स्मशानात पोहोचवल्यावर गल्ली घरी गेली नाही, सरकारी दवाखान्यावर गेली. उत्तरेश्वर तिथे होता. मनगटाला प्लास्टर, कपाळाला टाके. त्यांनी आधी खिडक्या फोडल्या, मग दरवाजा. मधे आलेल्या कंपाउंडरच्या तोंडावर कोणीतरी सलाइनची दांडी मारली. त्याचे दोन दात पडले. उत्तरेश्वरला त्यांनी खाटेसकट उलटे केले. पोलीस आले तेव्हा तो खाटेखाली होता आणि खाटेवर माणसे नाचत होती. त्या खाटेनेच त्याला वाचवले, असे डॉक्टर नंतर म्हणाले.

फौजदाराने त्याला कोठडीत ठेवले. मी गेले तेव्हा फौजदार चहा पीत होता. वयाने तरुण, दमलेला, मुळात वाईट माणूस नव्हता.

"मॅडम, कोठडीत ठेवलाय म्हणून जिवंत आहे. पण आता मुलगी गेलीय. गुन्हा तर नोंदवावाच लागणार. साक्षीदार रग्गड आहेत. खड्ड्यात उभा राहून मंत्र म्हणायचा म्हणतात."

"मंत्र नव्हता तो. 'प्रश्न: व्हॉल्व्ह कसा उघडावा? उत्तर: सावकाश, एकेक फेरा देऊन, लाइनमधील हवा बाहेर पडू देऊन.' हे तो म्हणत होता."

"बरं. हे मी लिहून घेतलं, तरी पाणी कसं नासलं हे त्यात येत नाही. तुमच्याकडे आहे का काही?"

माझ्याकडे जे होते ते मी सांगितले. टाकीतले पाणी शुद्ध होते. गल्लीच्या तोंडाशी, व्हॉल्व्हच्या आधी घेतलेला नमुना शुद्ध होता. औषधाचे थेंब टाकताच तो पिवळा झाला, म्हणजे क्लोरीन पुरेसा होता. मिटकरीच्या घरातल्या हंड्यातला नमुना मात्र मुळीच पिवळा झाला नाही.

"म्हणजे व्हॉल्व्हपर्यंत चांगलं आणि व्हॉल्व्हनंतर वाईट," फौजदार म्हणाला. "आणि व्हॉल्व्हपाशी कोण उभा होता? मॅडम, तुम्ही तर माझंच काम सोपं केलंत."

त्याचे तर्कशास्त्र निर्दोष नव्हते, पण न्यायालयात चालण्याइतके चांगले होते. मी उत्तरेश्वरला भेटण्याची परवानगी मागितली.

तो भिंतीला टेकून बसला होता. एक डोळा सुजून बंद झाला होता.

"मॅडम, आता दाखला न्हाई मिळनार ना?"

"त्याचा विचार नंतर. मला एवढंच सांग, तू सावकाश उघडू लागल्यापासून गल्लीत काय बदललं?"

"काय बदलनार? दनका न्हाई बसत. आदी नुस्ती हवाच वाजती लई येळ. फुसफुस, फुसफुस. मंग पानी."

"ती हवा वाजत असताना लोक काय करतात?"

"मोटरी लावत्यात. आदी दनका बसला की लावायचे, आता दनकाच न्हाई, तर हवेलाच लावत्यात. मिटकरी मालकानंच समद्यांला सांगितलंय: हवा वाजली की बटन दाबा, जो आदी वढील त्याचं पानी."

त्रिंबक मिटकरीचे मोटर वाइंडिंगचे दुकान होते. नळाला थेट जोडलेली छोटी मोटर कासार गल्लीत घरटी एक होती, आणि त्यांतली प्रत्येक त्याने बसवलेली किंवा जळाल्यावर तार पुन्हा गुंडाळून दिलेली होती. नळाला मोटर लावणे नियमाविरुद्ध आहे. तो नियम नगरसेवकांच्या घरीही पाळला जात नसे.

मी फौजदाराला सांगितले की गुन्हा पुढच्या पाळीपर्यंत थांबवा, आणि त्या दिवशी उत्तरेश्वरला माझ्याबरोबर गल्लीत न्या. फौजदाराला ते मुळीच आवडले नाही. पण कासार गल्लीचा व्हॉल्व्ह जुना, अडून बसणारा होता आणि तो न मोडता उघडणारा माणूस गावात दुसरा नव्हता. पाणी तर सोडावेच लागणार होते.

पाळीच्या सकाळी आठ शिपाई, फौजदार, प्लास्टरमधला उत्तरेश्वर आणि मी असे गल्लीत गेलो. गल्ली ओट्यांवर उभी होती. पहिला दगड आला तेव्हा शिपायांनी लाठ्या चालवल्या. एका म्हाताऱ्याचे डोके फुटले, ज्याने दगड मारला नव्हता. मारणारा मुलगा गच्चीवरून हसत होता. मग शांतता झाली, म्हणजे शिव्या खालच्या आवाजात सुरू झाल्या.

मिटकरी उंबऱ्यावर बसला होता. दाढी वाढलेली, मानेला पट्टा.

"तुमच्या नळाला मला एक यंत्र लावायचं आहे," मी म्हणाले.

"लावा. काय लावायचं ते लावा. फाशी तर त्यालाच लागणारे."

मी त्याच्या नळावर दाबमापक बसवला. हा घड्याळासारखा असतो; मध्ये शून्य, उजवीकडे काटा गेला तर नळीतले पाणी बाहेर ढकलते आहे, डावीकडे गेला तर नळी आत ओढते आहे. मिटकरीने त्याकडे एकदा पाहिले आणि मान फिरवली. मग मी मोटरींच्या विजेच्या पिना काढायला लावल्या. शिपाई घराघरांत शिरले. आरडाओरडा झाला, एका घरात शिपायाच्या हाताला कोणी चावले, पण पिना निघाल्या.

उत्तरेश्वर खड्ड्यात उतरला. एकट्याने चावी त्याला पेलत नव्हती, म्हणून एका शिपायाने दुसरी बाजू धरली. एक फेरा. थांबणे. गच्चीवरून कोणी ओरडले, "आज मोठ्यानं म्हण की रं मंत्र, पोलिसांना पण शिकव!" त्याने खरोखरच मोठ्याने म्हटले. प्रश्न आणि उत्तर, दोन्ही. हवा वाजली, बराच वेळ वाजली, मग पाणी आले. काटा हळूहळू उजवीकडे गेला आणि तिथे स्थिर राहिला. मिटकरीच्या नळाच्या पाण्यात मी थेंब टाकले. पाणी पिवळे झाले.

"म्हणजे आज करणी केली नाही," ओट्यावरची एक बाई म्हणाली. "पोलीस आहेत ना."

एका प्रयोगाने एवढेच कळले होते. मी व्हॉल्व्ह बंद करायला सांगितला. लाइन रिकामी होईपर्यंत खालच्या भट्टी वस्तीत नळ वाहत होते, हरणाबाईची हाकाटी वरपर्यंत ऐकू येत होती: "अगं पोरींनो, भांडी आना, भांडी! शिपाई पाळलेत म्हनं आपल्यासाठी!"

मग मी प्रयोगशाळेतला किरमिजी रंग गटारात ओतला. कासार गल्लीचे गटार उघडे आहे आणि प्रत्येक घराची नळाची नळी त्यातूनच आडवी जाते; त्यांतली एक गंजून छिद्रे पडलेली होती. पाणी किरमिजी झाले. गल्लीने पाहिले. 

"आता पिना लावा," मी म्हणाले. "नेहमी करता तसंच करा. हवा वाजली की बटण. आणि कोणीही हे पाणी भरायचं नाही."

पुन्हा एक फेरा, पुन्हा थांबणे. हवा फुसफुसू लागली आणि आधी मिटकरीची, मग एकेक करत सगळ्या गल्लीच्या मोटरी घोंगावू लागल्या. मिटकरीच्या बादलीत पाणी येऊ लागले, जोरात, स्वच्छ. दाबमापकाचा काटा शून्यावर आला. तिथे थरथरला. मग डावीकडे गेला.

बादलीतले पाणी आधी फिकट गुलाबी झाले. मग किरमिजी.

बायका बादलीकडे पाहत होत्या. मिटकरी पाहत नव्हता. तो काट्याकडे पाहत होता. मोटरींत आयुष्य घालवलेला माणूस. त्याला मी काहीही सांगण्याची आवश्यकता नव्हती. त्याने स्वतः वाकून पिन काढली. काटा किंचित परतला, पण डावीकडेच राहिला. शेजारच्या भिंतीआडून दुसरी मोटर घोंगावत होती, तिच्यापलीकडे तिसरी.

"ओढतंय," तो म्हणाला. "व्हॅक्यूम धरलाय लाइननं." मग त्याने मला विचारले, अगदी ग्राहकाला विचारावे तसे, "माझी बंद केली तरी ओढतंय?"

"हो. पण गंजलेली नळी तुमच्या दाराशी आहे. आत येतं ते इथून."

तो उठला. खड्ड्यापाशी गेला आणि उत्तरेश्वरच्या हातातून चावी घेतली. उत्तरेश्वरने प्लास्टरचा हात डोक्यावर धरला. पण मिटकरी तिथे थांबला नाही. त्याने आधी स्वतःची मोटर फोडली. तिसऱ्या घावाला बिडाचे कवच दुभंगले. मग शेजारच्या घरात शिरला.

"अरे त्रिंबक! अरे, नवी आहे ती! तूच लावलीस ना!"

"मीच लावली. मीच काढतो."

दुसऱ्या घराची फुटली. तिसऱ्या घरात त्याला त्याच्या चुलत भावाने दारात अडवले. चावी भावाच्या गुडघ्यावर बसली आणि तो तिथेच कोसळला. मग गल्ली त्याच्यावर धावली. ज्या हातांनी त्याला चार दिवसांपूर्वी खांदा द्यायला मदत केली होती तेच हात होते. त्यांनी त्याला उंबऱ्यावरून केसांना धरून ओढले आणि गटारात पाडले. तो उलटून मारत नव्हता. प्रत्येक वेळी उठून पुढच्या घराकडे जायचा प्रयत्न करत होता, आणि म्हणून ते त्याला पुन्हा पाडत होते. शिपायांना त्याच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला. बाहेर काढला तेव्हा तो डोक्यापासून पायापर्यंत किरमिजी होता, आणि त्यात रक्त किती हे सांगणे अशक्य होते.

उत्तरेश्वर खड्ड्यातून हे पाहत होता. चावी परत हाती आल्यावर त्याने ती शिपायाबरोबर धरली आणि व्हॉल्व्ह हळूहळू, एकेक फेरा देत, बंद केला.

मिटकरी वाचला; त्याचा डावा कान गेला. त्याने उत्तरेश्वरविरुद्धची तक्रार मागे घेतली. गल्लीतल्या कोणाविरुद्धही त्याने जबाब दिला नाही. उत्तरेश्वरला दाखला मिळाला, पण मनगट वेळेत जुळले नाही आणि प्रात्यक्षिकात चावी हातातून सुटली. पुढच्या वर्षी तो उत्तीर्ण झाला. तोवर पालिकेने पाणी सुटायच्या वेळी कासार गल्लीची वीज बंद करायला सुरुवात केली होती. गल्लीने त्यासाठी दोनदा मोर्चा काढला आणि एकदा वीज कंपनीच्या माणसाला खांबावरून खाली ओढले.

फौजदाराला दिलेल्या अहवालात मी जे लिहिले तेच येथे देते. उत्तरेश्वर काळदाते याने व्हॉल्व्ह नियमाप्रमाणे सावकाश उघडला. पूर्वी तो झटक्याने उघडत असल्याने नळी लगेच भरत असे, आणि मोटरी दणक्यानंतर, म्हणजे भरलेल्या नळीवर, सुरू होत. सावकाश उघडल्याने दणका थांबला. लोक हवेच्या आवाजावर मोटरी सुरू करू लागले, आणि अर्धवट उघडलेल्या व्हॉल्व्हमधून जेवढे पाणी येई त्याहून अधिक पाणी सर्व मोटरी मिळून ओढू लागल्या. नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला, आणि गटारातून जाणाऱ्या गंजलेल्या नळीच्या छिद्रांतून गटाराचे पाणी आत आले. भट्टी वस्तीत कोणी आजारी पडले नाही, कारण मोटरींमुळे तिथवर पाणी पोहोचतच नव्हते. कोणतीही एक मोटर एकटी हे करू शकली नसती. छिद्रे पडलेली नळी त्रिंबक मिटकरी यांच्या घराची होती.